डिकीतला हातोडा

मंडळी, फराळाच्या ताटाशी हातोड्याची गोष्ट कशाला, असं तुम्ही म्हणाल. पण इंटरनॅशनल सिटीत राहणाऱ्यांना १६ एप्रिल २०२४ आठवत असेलच. अमिरातीत १९४९ पासूनच्या नोंदींतला सर्वांत मोठा पाऊस त्या दिवशी झाला. अल ऐनजवळ खत्म अल शकला इथे २४ तासांच्या आत २५४.८ मिलिमीटर! आमच्या रशिया क्लस्टरमधल्या रस्त्यांचं तळं झालं. बाल्कनीतून पाण्यात उभी असलेली आपली गाडी बघताना एकच गोष्ट मनात आली: बाबांनी दिलेला हातोडा डिकीत पडलाय. गाडीत अडकलो असतो, तर त्याचा काय उपयोग?

त्या हातोड्याचा इतिहास २६ जुलै २००५ चा. मी तेव्हा अकरावीत होतो. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, कुलाब्याला मात्र ७५ सुद्धा नाही. त्यामुळे दक्षिण मुंबईतल्या ऑफिसांतून निघालेल्यांना पुढे काय वाढून ठेवलंय याची कल्पनाच नव्हती. पाणी ओसरेल या आशेने कित्येकजण काचा बंद करून गाडीत बसून राहिले. पाणी वायरिंगमध्ये शिरलं, काचेची बटणं आणि सेंट्रल लॉक बंद पडले, आणि काहीजण गाडीतच गुदमरून गेले. बाबा दुसऱ्या दिवशी चालत घरी पोचले. पुढच्याच आठवड्यात त्यांच्या सीटखाली हातोडा आला. तेव्हापासून दर पावसाळ्यात मुंबईकर एकमेकांना हाच सल्ला देतात.

दार का उघडत नाही? हिशेब सोपा आहे. बाहेर दोन फूट पाणी असेल आणि आत नसेल, तर मीटरभर रुंद दारावर साधारण १८० किलोचा भार येतो. म्हणून वाट खिडकीतूनच काढायची, आणि तीही पाणी काचेपर्यंत चढायच्या आत.

आता काचेकडे वळू. तापवून झटकन थंड केलेल्या कडक काचेचं पेटंट फ्रान्समध्ये रॉयेर द ला बास्ती यांनी १८७४ च्या सुमारास घेतलं. अशा काचेवर हाताने किंवा लाथेने मारून काही होत नाही, पण कोपऱ्यात टोकदार घाव बसला की तिचा चुरा होतो. दुसरा प्रकार दोन काचांमध्ये पातळ थर घातलेल्या लॅमिनेटेड काचेचा. एदुआर बेनेदिक्तुस यांनी तिचं पेटंट १९०९ साली घेतलं. ही तडकते, पण जागची हलत नाही. समोरची काच असते ती हीच.

गोम इथेच आहे. हल्ली बऱ्याच नव्या गाड्यांच्या बाजूच्या काचाही लॅमिनेटेड असतात. अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनने २०१९ मध्ये काच फोडायची सहा साधनं तपासली. त्यांतल्या चार साधनांनी कडक काच फोडली, लॅमिनेटेड काच मात्र एकालाही फुटली नाही. स्प्रिंगवाली साधनं हातोडीपेक्षा सरस ठरली.

पाणी ओसरल्यावर मी गाडीच्या काचांचे कोपरे वाचले. पुढच्या दोन्ही लॅमिनेटेड! म्हणजे बाबांचा हातोडा हाताशी असता, तरी मी चुकीच्या काचेवर घाव घालत बसलो असतो. मागच्या काचा साध्या कडक निघाल्या. घरात सगळ्यांना सांगून ठेवलंय: आधी पट्टा सोडा, लगेच काच खाली करा, नाही झाली तर मागची फोडा. स्प्रिंगचं एक छोटं साधन आता ड्रायव्हरच्या हाताशी असतं.

बाबांना फोनवर हे सांगितलं, तर म्हणाले, "हातोडा दिला तेव्हा काच बघायला सांगायचं राहिलंच की रे!"

तेव्हा मंडळी, या दिवाळीत गाडी धुवाल, तेव्हा काचेचा कोपराही जरूर वाचा.