नावेचा तळ आणि ऋतुमान : गोदाकाठच्या बीड जिल्ह्याच्या संदर्भात

महाराष्ट्रातील नौकानयनाचा इतिहास आजवर मुख्यत्वे कोकणकिनाऱ्यावरून लिहिला गेला आहे. कुलाबा, सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, आंग्र्यांच्या गुराबा आणि गलबते ही या इतिहासाची परिचित सामग्री होय. या चित्रात बीड जिल्ह्यास स्थान असण्याचे कारण सहसा कोणास दिसत नाही. कारण बालाघाटच्या डोंगररांगांचा व अवर्षणाचा हा जिल्हा समुद्रापासून दूर आहे. तथापि जिल्ह्याची उत्तर सीमा गोदावरी नदीने आखलेली आहे. गेवराई, माजलगाव व परळी या तालुक्यांतील कित्येक गावांचे बाजार, सोयरसंबंध आणि तीर्थयात्रा नदीच्या दोन्ही तीरांवर पसरलेल्या होत्या. जेथे अशी नदी आहे तेथे नाव आली. आणि जेथे नाव आली तेथे तिचा तळ राखण्याचे कामही आले. हे काम केव्हा करावे, आणि हवा थंड व दमट असता नावेच्या आतील तळास तेलाचा वा रंगाचा लेप धरतो काय, हा प्रश्न वरवर सुताराचा वा नावाड्याचा वाटतो. वस्तुतः तो इतिहासाच्या अभ्यासकाचाही आहे.

प्रथम तळाचे स्वरूप लक्षात घेतले पाहिजे. फळ्यांच्या नावेत सर्वांत खालच्या भागी पाणी साचतेच. काही सांध्यांतून झिरपते, काही पावसाने येते, काही उतारूंच्या व जनावरांच्या पायांबरोबर येते. त्यात गाळ मिसळतो. तेथे ऊन पोचत नाही, वारा फिरत नाही. समुद्रातील लाकडास बाहेरून पोखरणारे किडे ही मोठी आपत्ती असते. उलट खाऱ्या पाण्यातील मीठ लाकूड कुजविणाऱ्या बुरशीस काही अंशी आवर घालते. गोड्या पाण्यात पोखरणाऱ्या त्या किड्यांचे भय नाही, परंतु बुरशीस मोकळे रान मिळते. म्हणून स्थूलमानाने असे म्हणता येईल की समुद्रावरील नाव बाहेरून खाल्ली जाते, तर नदीवरील नाव आतून कुजते. गोदावरीवरील नावेचे आयुष्य तिच्या आतल्या तळावर अवलंबून असते, ते या कारणाने.

दुसरी गोष्ट लेपाची. जवसासारखे तेल लाकडावर दिले असता ते ‘वाळले’ असे आपण म्हणतो. परंतु ओले वस्त्र वाळते तेव्हा त्यातील पाणी निघून जाते. तेलाच्या बाबतीत तसे काही होत नाही. तेल हवेतील प्राणवायू शोषून घेते, त्यायोगे त्याचे वजन आरंभी वाढते आणि त्याचा चिवट पापुद्रा बनतो. हवा थंड असली की ही क्रिया मंदावते. लाकूड ओलसर असले तर लेप त्यास धरत नाही. वरचा पापुद्रा बनला तरी खाली कोंडलेली ओल फोड धरून तो उचलते. रात्री दंव पडले तर अर्धवट बनलेला लेप चिकट व निस्तेज राहतो. नावेचा तळ हा तिचा सर्वांत खोल, थंड आणि ओला भाग असल्याने हे तिन्ही दोष तेथे एकवटतात. मराठीत या निरनिराळ्या अवस्थांसाठी निरनिराळी क्रियापदे आहेत, हे येथे मुद्दाम नोंदविण्याजोगे आहे. कपडा वाळतो, ओढा आटतो, रस उकळून आळतो, तूप थिजते. भाषेने केलेला हा भेद नाव राखण्याच्या व्यवहारात उपयोगी पडणारा आहे. कारण जो लेप हवेने ‘वाळतो’ तो थंडीत फसतो, आणि जो गरम करून लावल्यावर ‘थिजतो’ तो थंडीतही बसतो.

हा भेद लक्षात घेतला म्हणजे जुन्या द्रव्यांची योजना उलगडते. मार्को पोलो याने तेराव्या शतकाच्या अखेरीच्या प्रवासवृत्तात हिंदी जहाजांच्या सांध्यांसाठी चुना, बारीक केलेला ताग आणि झाडापासून मिळणारे तेल एकत्र कुटून लावीत असल्याचे सांगितले आहे. चुना व तेल यांचा संयोग नुसत्या हवेवर अवलंबून राहत नाही. दोहोंच्या परस्पर क्रियेने तो घट्ट होतो. राळ तेलात वितळवून ऊन ऊन लावली की ती निवताच थिजते. तिला दिवसांची नव्हे, घटकांची उसंत पुरते. मात्र या दोहोंसही लाकूड कोरडे हवे, ही अट सुटत नाही.

द्रव्यांची व कामांची नावे त्यांचा प्रवास सांगतात. जहाजाच्या सांध्यांत ताग वा काथ्या ठासून ते बंद करण्याच्या कामास हिंदुस्थानच्या बंदरांत ‘कलापत्ती’ हा शब्द रूढ होता. तो पोर्तुगीज ‘कलाफाते’वरून आला, आणि पोर्तुगीज शब्दाचे मूळ अरबीत आहे, असे युल व बर्नेल यांच्या १८८६ च्या प्रसिद्ध कोशात दाखविले आहे. ‘सुकाणू’ अरबी, ‘नाखवा’ फारसी. याउलट नदीवरील शब्द पाहावेत. ‘तर’ म्हणजे नावेने पलीकडे जाण्याची जागा. ‘उतार’ म्हणजे पायी ओलांडता येईल असे पात्र. ‘उतारू’ म्हणजे पार जाणारा. हे सारे शब्द संस्कृत ‘तॄ’ या धातूच्या कुळातील आहेत. किनाऱ्याची परिभाषा समुद्रापलीकडून आली, नदीची परिभाषा घरातच वाढली. यावरून नदीवरील नाव ही किनाऱ्यावरील जहाजाची धाकटी प्रत नव्हती, तिची परंपरा स्वतंत्र होती, असे अनुमान काढण्यास हरकत नाही.

लेपाची द्रव्येही या कोरडवाहू मुलखास परकी नव्हती. करडई व जवस ही मराठवाड्याच्या काळ्या रानातील रब्बीची पिके. दोहोंचे तेल कमीअधिक प्रमाणात वाळणाऱ्या जातीचे आहे. करडईचे तेल दीर्घकाळ कढविले म्हणजे त्याचा घट्ट, चिवट पदार्थ होतो; उत्तरेत त्यास ‘रोगन’ म्हणत. मूळ फारसी शब्दाचा अर्थ केवळ तेल असा आहे, परंतु मराठीत आलेला ‘रोगण’ लेपाच्या अर्थी स्थिरावला आणि ‘रंगरोगण’ या जोडशब्दात आजही वावरतो. करडईचे जाळून काळे केलेले तेल विहिरीवरील चामडी मोटांना व दोरांना पाण्यापासून जपण्यासाठी देत, अशी नोंद एकोणिसाव्या शतकातील आर्थिक वनस्पतींच्या वर्णनांत मिळते. बीडसारख्या जिल्ह्यात नावा मोजक्या आणि मोटा अगणित. पाण्यात सतत भिजणारी वस्तू तेलाने राखण्याची विद्या येथे नावेपेक्षा मोटेवर अधिक वापरली गेली असणार. शेंदराचेही तसेच. गावोगावच्या मारुतीस तेलात कालवून जो शेंदूर चढवितात तो शिशाचा तांबडा भस्मच होय. जवसाच्या तेलात तो मिसळला की तेल लवकर वाळते. पुढे लोखंडी जहाजांना गंजापासून वाचविण्यासाठी जगभर हेच मिश्रण वापरले गेले. शिसे विषारी असल्याने त्याचा वापर आता टाळला जातो.

आता ऋतुमानाकडे वळू. कोकणात समुद्र पावसाळ्यात बंद होतो. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या ‘आज्ञापत्रा’त पाऊस लागण्यापूर्वी आरमार सुरक्षित जागी, किल्ल्याच्या आश्रयाने, छावणीस ठेवण्याची ताकीद आहे. गलबत ओढून झापांनी शाकारले जाई, आणि नारळी पौर्णिमेच्या सुमारास पुन्हा पाण्यात लोटण्याची तयारी होई. म्हणजे किनाऱ्यावरील नाव कोरड्या ऋतूत राबते आणि ओल्या ऋतूत विसावते; तिच्या तळाची अखेरची डागडुजी दमट हवेत उरकणे भाग पडते. अठराव्या शतकाच्या मध्यास मुंबईत सुकी गोदी बांधली गेली तेव्हा या ऋतूच्या बंधनातून मोठ्या जहाजांची काही अंशी सुटका झाली.

गोदावरीवर हे चक्र नेमके उलटे फिरते. उन्हाळ्यात पात्र रोडावते, ठिकठिकाणी उतार पडतो, गाड्या वाळूतून जातात आणि नावेची गरज उरत नाही. पावसाळ्यात नाव राबते, आणि पुढे पात्रातील पाणी ओसरेपर्यंत राबत राहते. चैत्र-वैशाखातील प्रखर ऊन हे तिचे माहेरपण. तळ खरवडावा, आठवडेच्या आठवडे उन्हात ठेवावा, तेलाचे पातळ हात एकावर एक द्यावेत, यास याहून योग्य काळ नाही. अवर्षणग्रस्त मुलखाची ही एक अनपेक्षित देणगी म्हणावी लागेल. अडचण येते ती मार्गशीर्ष-पौषात. नदीस अजून पाणी असते, वाहतूक चालू असते, रात्री गार आणि काठावर दंव. त्या वेळी तळ गळू लागला तर रंगाचा उपयोग नाही. पाणी उपसून, फडक्याने टिपून, निखाऱ्यांची ऊब देऊन तेवढी जागा कोरडी करावी आणि दुपारच्या उन्हात ऊन राळ भरावी, एवढेच शक्य असते. तो तात्पुरता उपाय होय. खरे काम वैशाखाचेच.

काहील, भोपळ्यांची सांगड यांसारखी साधने महाराष्ट्रातील नद्यांवर दीर्घकाळ टिकली, त्याचेही एक कारण येथे सापडते. उसाचा रस आटविण्याची लोखंडी काहील काठावर पालथी घातली की तिचा तळ आपोआप कोरडा होतो. सांगडीस तर पाणी साचण्याजोगा तळच नसतो. परंतु या साधनांनी चार माणसे पार होतील, सैन्य होणार नाही.

सैन्याचा प्रश्न या काठावर एकदा अत्यंत कठोरपणे उपस्थित झाला. गेवराई तालुक्यातील राक्षसभुवन येथे १० ऑगस्ट १७६३ रोजी थोरले माधवराव पेशवे व निजाम अली यांच्यात लढाई झाली. त्याच वर्षी निजामाच्या फौजेने पुणे लुटले व जाळले होते. परतीच्या वाटेवर निजाम गोदावरी ओलांडून उत्तर तीरावर गेला, आणि दिवाण विठ्ठल सुंदर उरलेल्या फौजेसह दक्षिण तीरावर राहिला. मराठ्यांनी नेमकी ही विभागणी साधली. विठ्ठल सुंदर मारला गेला, फौजेचा फार मोठा भाग नष्ट झाला, आणि निजामास पलीकडून मदत पाठविता आली नाही. नदीस पूर होता. पुढे औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) येथील तहाने ८२ लक्षांचा मुलूख त्यास द्यावा लागला.

या लढाईच्या वर्णनांत माधवरावांचे धैर्य, रघुनाथरावांवरील प्रसंग, जानोजी भोसल्यांचे पक्षांतर यांची चर्चा विस्ताराने होते. नदी मात्र ‘पूर आला’ एवढ्या दोन शब्दांत आटोपते. पुरात उतार नाहीसे होतात. मग एका तीरावरून दुसऱ्या तीरावर किती माणसे किती दिवसांत जातील, हे घाटावर धड असलेल्या नावांच्या संख्येने ठरते. आणि श्रावणात धड असलेल्या नावा म्हणजे वैशाखात तळ राखलेल्या नावा. निजामाचा पराभव कुजक्या फळ्यांमुळे झाला, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु सैन्य दोन तीरांवर विभागले गेले तेव्हा त्यास जोडणारी साधने ही ऐन वेळी निर्माण होणारी वस्तू नव्हती, हे निश्चित. राजा ती हुकमाने गोळा करू शकतो. पावसाळ्यात त्यांचा तळ वाळविणे त्याच्या हुकमात नसते. पार न जाऊ शकलेल्या हजारो सामान्य शिपायांच्या दृष्टीने पाहता हा तपशील क्षुल्लक ठरत नाही.

गोदावरीचे हे जुने चक्र आता राहिलेले नाही. शहागड येथील पुलाने बीडकडील मोठा रस्ता नावेवाचून पार नेला. पैठणजवळील जायकवाडी धरणाची पायाभरणी १९६५ मध्ये झाली व १९७६ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. माजलगाव येथे सिंदफणा नदीवरही जलाशय उभा राहिला. पाणी केव्हा येणार आणि केव्हा ओसरणार हे आता केवळ नक्षत्रांवर ठरत नाही. नदीकाठची नाव विरळ झाली, मोट तर सर्वस्वी गेली, आणि तेलाने लाकूड-चामडे राखण्याची विद्या त्यांच्याबरोबर मावळली. मागे राहिले आहेत ते तर, उतार, रोगण, थिजणे, वाळणे असे शब्द. दप्तरांत नावाड्याचे वैशाखातील काम क्वचितच नोंदले जाते. भाषेत मात्र त्याची खूण उरते. गोदाकाठच्या गावांतून हे शब्द वयोवृद्धांच्या तोंडून वेळीच टिपून घेणे हे इतिहास व भाषाशास्त्र या दोन्ही विषयांच्या विद्यार्थ्यांपुढील तातडीचे कार्य होय.