चेटकिणीचे पुनरागमन

माणूस ज्याला भितो त्याच्यापुढे तो प्रथम नैवेद्य ठेवतो, मग त्याच्या गोष्टी सांगतो, आणि सर्वांत शेवटी त्याला रंगभूमीवर उभे करून पोट धरून हसतो. भुताखेतांचा आणि चेटकिणींचा इतिहास बहुतेक देशांत याच क्रमाने गेला आहे. तथापि पुढची अवस्था आली म्हणजे मागची नाहीशी होते, असे मात्र नाही. बेळगाव-निपाणीकडच्या मुलुखात अमावास्येला तिकटीवर उतारा ठेवलेला आजही दृष्टीस पडतो, आणि त्याच मुलुखातील मुले नाटकातल्या चेटकिणीला टाळ्याही देतात. भय आणि हसू असे शेजारी शेजारी नांदते. हे हसू कोठून आले आणि ते कितपत निर्धास्त आहे, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे.

मराठी रंगभूमीचा प्रारंभच या दृष्टीने पाहावा. उत्तर कानडा जिल्ह्यातील कर्की गावची यक्षगान मंडळी सांगलीस आली. त्यांचे खेळ पाहून संस्थानाधिपती चिंतामणराव पटवर्धन यांनी तसेच काही मराठीत करण्याची आज्ञा विष्णुदास भावे यांना केली. त्यातून १८४३ साली ‘सीता स्वयंवर’ अवतरले. कानडी मुलुखातून आलेल्या कलेने मराठी नाटक जन्मास घातले, ही गोष्ट सीमाभागात विशेष आठवावी अशी आहे. त्या नाटकांचे मोठे आकर्षण म्हणजे राक्षस. तोंडाला रंग फासून, तलवार फिरवीत आणि आरोळ्या ठोकीत तो प्रवेश करी, तेव्हा पुढे बसलेली पोरे आईच्या पदराआड दडत. परंतु लोक त्याला सरावले. पुढे त्या आरोळ्यांवरून अशा खेळांना ‘अललडुर्र’ नाटके म्हणण्याची थट्टेखोर पद्धत पडली. त्याच १८४३ साली बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे जन्मलेल्या अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० मध्ये ‘शाकुंतल’ आणले, आणि संगीताच्या त्या लाटेपुढे राक्षसाची आरोळी कायमची फिकी पडली. भयाचे हसू होण्यास चाळीस वर्षेदेखील लागली नाहीत.

राक्षस पुराणातला होता. त्याची थट्टा झाल्याने कोणाचे काही बिघडले नाही. चेटकिणीचे प्रकरण याहून गुंतागुंतीचे आहे. त्यासाठी प्रथम तिच्या नावांकडे पाहिले पाहिजे. जखीण हा शब्द संस्कृत ‘यक्षिणी’पासून आला, डाकीण ‘डाकिनी’पासून. म्हणजे एके काळी ज्यांच्या मूर्ती घडविल्या गेल्या आणि ज्यांची उपासना झाली, त्याच पुढे झाडावरच्या भुतावळीत जाऊन बसल्या. भानामती हा शब्द मराठीत आहे तसाच कानडीतही आहे. कानडीत चेटकिणीला ‘माटगाती’ म्हणतात आणि भुताला ‘देव्व’. मराठी माणसाच्या कानाला हा ‘देव्व’ देवासारखाच लागतो, ही गंमत सीमाभागातील मुलांना लहानपणीच कळते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. भुतांनी मात्र ही राज्यपुनर्रचना कधी मनावर घेतलेली दिसत नाही.

या समजुती लिहून ठेवण्याचे काम झाले ते बऱ्याच अंशी शाळामास्तरांच्या हातून. नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांना लोकसमजुतींचा अभ्यास करावयाचा होता, आणि गावोगावच्या शिक्षकांनी त्यासाठी माहिती लिहून पाठविली. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या नाट्यगृहात ‘शारदा’ नाटकाच्या प्रयोगाच्या वेळी अनंत कान्हेरे यांनी जॅक्सन यांचा वध केला. त्यांनी जमविलेली सामग्री पुढे एन्थोव्हेन यांनी संपादित केली, आणि त्यातील कोकणचा भाग १९१५ साली प्रसिद्ध झाला. अशा संग्रहांतून आणि लोकांच्या तोंडून ऐकू येणारी माहिती एकत्र मांडली, तर एक गोष्ट मनाला चटका लावते. हडळ म्हणजे कोण? बाळंतपणात किंवा ओल्या बाळंतपणी मेलेली बाई. अळवंतीण म्हणजे कोण? तीही बाळंतपणातच गेलेली. जखीण म्हणजे नवरा मागे ठेवून, संसार अर्धा टाकून गेलेली सवाष्ण. पुढून धडधाकट आणि पाठीमागून हाडांचा सापळा, असे जिचे वर्णन करून मुलांना भिववीत, ती वस्तुतः सुईणीच्या हातून न वाचलेली शेजारघरची लेकुरवाळी होती. ज्या काळात बाळंतपण हे मरणाच्या दाराशी जाऊन येणे असे, त्या काळाने आपले दुःख आणि आपली अपराधी जाणीव अशी झाडावर टांगून ठेवली.

येथे एक भेद ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. हडळ आणि जखीण मेलेल्या असतात. चेटकीण आणि डाकीण जिवंत असते. मेलेलीला भिणारा माणूस फार तर रात्री त्या वाटेने जात नाही. नुकसान झाले तर त्याचे स्वतःचे होते. परंतु जिवंत बाईला भिणारे गाव तिच्या दारावर चालून जाते. तिचे नवल वाटावे असे काही असावेच लागते, असेही नाही. ती विधवा असते, एकटी असते, तिच्या नावावर थोडीशी जमीन असते, किंवा तिची जीभ तिखट असते. शेजारचे मूल तापाने गेले की एवढे पुरे होते.

युरोपात हे भय पुस्तकाच्या रूपाने शहाणे झाले. १४८६ च्या सुमारास जर्मनीत हाइनरिख क्रेमर नावाच्या धर्मोपदेशकाने ‘चेटकिणींचा हातोडा’ या अर्थाच्या नावाचा ग्रंथ लिहिला, आणि छापखान्याने त्याचा प्रसार केला. त्यानंतरच्या काळात धार्मिक आणि लौकिक न्यायालयांनी मिळून चाळीस ते साठ हजार माणसांना चेटकाच्या आरोपावरून देहान्त शिक्षा दिल्या, असा आजच्या इतिहासकारांचा अंदाज आहे. त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. याच काळात फ्रीडरिख श्पे या जेझुइट धर्मगुरूने १६३१ साली यातनांनी काढलेल्या कबुलीजबाबांविरुद्ध ग्रंथ लिहिला, हेही सांगितले पाहिजे. छळ केल्यावर कोणीही स्वतःला चेटकीण म्हणेल, हे त्याचे म्हणणे आज साधे वाटते. त्या वेळी ते लिहिण्यास धैर्य लागत होते, आणि म्हणूनच ग्रंथावर त्याचे नाव नव्हते.

या लाटेचे शेवटचे टोक अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स वसाहतीत सेलम या गावी पोहोचले. १६९२ च्या आरंभी दोन मुलींना झटके येऊ लागले. एक नऊ वर्षांची, दुसरी अकरा. कोणी केले, असे त्यांना खोदून विचारण्यात आले, आणि नावे बाहेर पडू लागली. दीडशेहून अधिक माणसांवर आरोप आले. एकोणीस जणांना फाशी झाली, त्यांत चौदा स्त्रिया होत्या. एका वृद्ध पुरुषास छातीवर दगड रचून मारण्यात आले. आरोपीचे रूप आपल्यापुढे येऊन छळते, असे कोणी सांगितले की न्यायाधीश तो पुरावा मानीत. आरोपी त्या वेळी घरी निजलेली का असेना. पाच वर्षांनी, १६९७ मध्ये, सॅम्युअल सीवॉल या न्यायाधीशाने चर्चमध्ये सर्वांसमक्ष उभे राहून आपल्यावरील दोष मान्य केला.

आता हसण्याकडे वळू. १९९३ साली डिस्ने कंपनीने ‘होकस पोकस’ नावाचा बोलपट काढला. सेलमच्या तीन चेटकिणी बहिणी १६९३ मध्ये फाशी जातात आणि तीनशे वर्षांनी एका मेणबत्तीच्या योगाने पुन्हा अवतरतात, अशी त्याची कथा आहे. डांबरी रस्ता पाहून त्या बिचकतात, आणि केरसुणी हाती न लागल्याने त्यांतील एक धूळ ओढण्याच्या विजेच्या यंत्रावर बसून आकाशात उडते. प्रथम हा बोलपट फारसा चालला नाही. परंतु दर वर्षी ऑक्टोबरअखेर, सर्व संतांच्या सणाच्या आदल्या रात्रीच्या सुमारास, तो दूरचित्रवाणीवर दिसत राहिला, आणि एका पिढीच्या बालपणाचा भाग होऊन बसला. ती पिढी आईबापाच्या वयाला आल्यावर, २०२२ मध्ये, त्याचा दुसरा भाग निघाला. त्याच तीन नटी, तेच गाव, आणि पुन्हा एकदा नव्या जगाला बिचकणाऱ्या त्याच बहिणी. लोक खरे पाहता चेटकिणींना भेटावयास गेले नव्हते. ते स्वतःच्या बालपणाला भेटावयास गेले होते.

अशीच भेट मराठी रंगभूमीवरही घडली. १९५९ साली सुधा करमरकर यांनी रत्नाकर मतकरी यांच्या ‘मधुमंजिरी’ या नाटकाने मुलांची रंगभूमी उभी केली. पुढे मतकरींनीच ‘अलबत्या गलबत्या’ लिहिले, आणि त्यातली चिंची चेटकीण घरोघर पोहोचली. दिलीप प्रभावळकर यांनी ती भूमिका गाजविली. २०१८ मध्ये चिन्मय मांडलेकर यांच्या दिग्दर्शनाखाली हे नाटक पुन्हा रंगमंचावर आले, आणि वैभव मांगले चिंची झाले. ज्यांनी लहानपणी पहिली चिंची पाहिली होती, ते आपल्या मुलांना व नातवंडांना घेऊन दुसरी पाहावयास गेले. दोन्ही वेळी चेटकीण पुरुषानेच रंगविली, हे स्त्रीपार्टी नटांच्या परंपरेला धरून झाले. त्यामुळे एक नकळत उपकारही झाला. चिंची कोणत्याही खऱ्या बाईसारखी दिसत नाही. तिला हसताना गल्लीतली एखादी म्हातारी डोळ्यांपुढे येत नाही.

कर्नाटकानेही या हास्यात आपला वाटा घातला आहे. १९९० च्या दशकात बंगळूरकडे अशी वदंता पसरली की, रात्री एक चेटकीण ओळखीच्या आवाजात दार ठोठावते आणि दार उघडणारा मरतो. लोकांनी दारांवर ‘नाळे बा’, म्हणजे ‘उद्या ये’, असे लिहून ठेवले. चेटकीण ते वाचून परत जाई आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच वाची. यावरूनच २०१८ मध्ये ‘स्त्री’ हा हिंदी विनोदी बोलपट निघाला, आणि २०२४ मध्ये त्याचा दुसरा भाग. त्या कथेत एक चांगली गोष्ट आहे. ही बाई भूत का झाली, तिच्यावर कोणी अन्याय केला, असे तेथे कोणीतरी विचारते.

‘होकस पोकस’मध्ये नेमके हेच विचारलेले नाही. त्या बोलपटातील बहिणी खरोखरच चेटकिणी आहेत आणि खरोखरच मुलांचे प्राण हरण करतात. म्हणजे १६९२ च्या न्यायाधीशांचे म्हणणे विनोदाने खरे करून टाकले! सेलमच्या फासावर चढलेल्यांपैकी एकही चेटकीण नव्हती. त्या शेजारणी होत्या, आया होत्या, आज्या होत्या. विनोदाने चेटकीण लक्षात ठेवली आणि तिच्यापायी मेलेली बाई विसरली.

इकडे ती बाई विसरून चालण्यासारखे नाही. नंदुरबार जिल्ह्यातील सातपुड्याच्या पट्ट्यात डाकीण ठरवून स्त्रियांचा छळ झाल्याची प्रकरणे या शतकातही पोलिसांपर्यंत गेली आहेत. डाकीण ठरविण्याविरुद्ध बिहारने १९९९ साली कायदा केला. महाराष्ट्रात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी जादूटोणाविरोधी कायद्यासाठी वर्षानुवर्षे खटपट केली. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली, आणि त्यानंतर त्याच वर्षी तो कायदा झाला. २०१५ च्या फेब्रुवारीत कोल्हापुरात गोविंद पानसरे यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, आणि ऑगस्टमध्ये धारवाडात एम. एम. कलबुर्गी यांची हत्या झाली. बेळगाव या दोन शहरांच्या मध्ये आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये कर्नाटक विधिमंडळाचे अधिवेशन बेळगावातच भरले असता अमानुष प्रथा आणि काळी जादू यांविरुद्धचे विधेयक संमत झाले, व तो कायदा जानेवारी २०२० पासून अमलात आला. निपाणीची बाई आणि कागलची बाई आज निरनिराळ्या राज्यांत राहतात; पण दोघींनाही कायद्याचा आधार आहे.

कायद्याने कागद बदलतो, मन बदलण्यास दुसरे काही लागते. ज्या २०२२ साली त्या तीन विनोदी बहिणी परतल्या, त्याच साली मॅसॅच्युसेट्समध्ये आणखी एक ‘चेटकीण’ परत आली. एलिझाबेथ जॉन्सन नावाच्या बावीस वर्षांच्या मुलीला १६९३ मध्ये देहान्त शिक्षा सुनावली गेली होती. ती फाशी गेली नाही, पण तिच्यावरचा ठपका कधी पुसला गेला नाही. १७११ साली पुष्कळांची नावे निर्दोष ठरली, नंतर विसाव्या व एकविसाव्या शतकांत आणखी काहींची. हिचे राहून गेले. तिला मुलेबाळे नव्हती, त्यामुळे तिच्या बाजूने बोलणारे कोणी नव्हते. अखेरीस तेथील एका शाळेतील आठवीच्या मुलांनी तिची कागदपत्रे अभ्यासली, लोकप्रतिनिधींना पत्रे लिहिली, आणि तीनशे एकोणतीस वर्षांनी विधिमंडळाने तिला निर्दोष ठरविले. चिंचीला पाहून हसणाऱ्या मुलांनी पोटभर हसावे. ती हसू शकतात, ही त्यांच्या आज्या-पणज्यांच्या काळापेक्षा मोठीच प्रगती आहे. मात्र घरी परतताना कोणी मोठ्या माणसाने त्यांना एवढे सांगावे की, नाटकातली चेटकीण खोटी असते, आणि गावाने जिला चेटकीण म्हटले ती बाई मात्र खरी होती.