विभागीय संचालक, जागतिक आरोग्य संघटना

जागतिक आरोग्य संघटनेच्या सहा विभागांपैकी प्रत्येक विभागाच्या कार्यालयाचा प्रमुख. वॉशिंग्टन, ब्राझव्हिल, कैरो, कोपनहेगन, नवी दिल्ली व मानिला येथे ही कार्यालये आहेत. महासंचालकाखालोखाल महत्त्वाचे असे हे पद असले, तरी त्याची घडण सामान्य प्रशासकीय पदाहून वेगळी आहे. विभागीय संचालक महासंचालकाच्या सर्वसाधारण अधिकाराखाली काम करतो. परंतु त्याची निवड महासंचालक करीत नाही. ज्या राष्ट्रांच्या आरोग्यव्यवस्थेतील उणिवा त्याने दाखवून द्यावयाच्या, त्याच राष्ट्रांच्या मतांनी तो निवडून येतो. या पदाचे यश आणि अपयश ही दोन्ही बव्हंशी या विसंगतीतून उद्भवली आहेत. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः आग्नेय आशिया विभागाच्या आधारे त्यांचा विचार केला आहे.

पूर्वपीठिका : साथीच्या रोगांना राष्ट्रांच्या सीमा अडवू शकत नाहीत, ही जाणीव १८५१ मध्ये पॅरिस येथे भरलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेपासून व्यक्त होऊ लागली. तथापि कायम स्वरूपाची पहिली संस्था प्रादेशिकच होती. अमेरिका खंडांतील प्रजासत्ताकांनी १९०२ मध्ये स्वतःचे आरोग्य कार्यालय स्थापन केले. पहिल्या महायुद्धानंतर राष्ट्रसंघाच्या आरोग्य संघटनेने १९२५ मध्ये सिंगापूर येथे पूर्वेकडील देशांसाठी एक कार्यालय उघडले. आशियातील बंदरांतून प्लेग, पटकी व देवी यांच्या वार्ता तारेने मागवून त्या बिनतारी यंत्रणेद्वारे सर्वत्र कळविणे, हे त्याचे मुख्य काम होते. १९४२ मध्ये जपानने सिंगापूर जिंकल्यावर हे काम थांबले.

दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ मध्ये न्यूयॉर्क येथे जागतिक आरोग्य संघटनेची घटना तयार होत असताना, जुन्या प्रादेशिक संस्थांचे काय करावयाचे हा वादाचा विषय ठरला. एकच केंद्रीय संघटना असावी असे काही राष्ट्रांचे मत होते, तर अमेरिकी प्रजासत्ताके आपली संस्था विसर्जित करण्यास राजी नव्हती. अखेरीस विभागीय संघटना हे मूळ संघटनेचेच अविभाज्य अंग राहील, मात्र प्रत्येक विभागाला स्वतःची समिती व कार्यालय असेल, अशी तडजोड झाली. १९४९ च्या करारानुसार अमेरिकी संस्थेचा संचालक हाच संघटनेचा त्या खंडांपुरता विभागीय संचालक मानला जाऊ लागला. इतर विभागांना इतके स्वातंत्र्य मिळाले नाही; तरीही तडजोडीची छाप सर्वच विभागांवर राहिली.

नियुक्ती व अधिकार : घटनेच्या ५२ व्या कलमानुसार कार्यकारी मंडळ विभागीय समितीच्या संमतीने विभागीय संचालकाची नियुक्ती करते. प्रत्यक्षात सदस्य राष्ट्रांचे प्रतिनिधी विभागीय समितीच्या खाजगी बैठकीत गुप्त मतदानाने एका नावाची शिफारस करतात व मंडळ त्यावर शिक्कामोर्तब करते. मुदत पाच वर्षांची असते. पूर्वी पुनर्नियुक्तीवर मर्यादा नव्हती. १९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीस ती एकाच वेळेपुरती मर्यादित करण्यात आली. कोणत्याही देशाला आज्ञा करण्याचा अधिकार विभागीय संचालकास नाही. तज्ञांची नेमणूक, निधीची वाटणी, देशोदेशींच्या कार्यालयांवरील देखरेख आणि आरोग्यमंत्र्यांशी थेट बोलण्याची सोय एवढीच त्याची साधने होत.

आग्नेय आशिया विभाग : सहा विभागांत हा विभाग सर्वांत आधी कार्यान्वित झाला. त्याच्या समितीची पहिली बैठक ४ व ५ ऑक्टोबर १९४८ रोजी नवी दिल्लीत झाली आणि १ जानेवारी १९४९ पासून कार्यालयाचे काम सुरू झाले. विभागाच्या सीमा भूगोलापेक्षा राजकारणाने अधिक ठरल्या. पाकिस्तान पूर्व भूमध्यसागरी विभागात गेला. आरंभी दिल्लीशी जोडलेला अफगाणिस्तानही पुढे तिकडेच गेला. उत्तर कोरिया या विभागात, तर दक्षिण कोरिया पश्चिम पॅसिफिक विभागात आहे. १९५० पासून सदस्य असलेला इंडोनेशियाही २०२५ मध्ये पश्चिम पॅसिफिक विभागात गेला. परिणामी पंजाबच्या सीमेच्या दोन बाजूंना एकच साथ पसरली, तरी तिची दखल दोन वेगळ्या कार्यालयांना घ्यावी लागते.

पहिले संचालक चंद्र मणी (कार्यकाल १९४८–६८) हे इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील अधिकारी होते. नुकत्याच स्वतंत्र झालेल्या देशांत आरोग्य खात्यांची उभारणी, परिचारिकांचे शिक्षण, क्षयरोग व हिवताप यांचे नियंत्रण यांवर त्यांच्या काळात भर होता. हिवतापविरोधी मोहिमेचे आरंभीचे यश थक्क करणारे होते. भारतात १९५३ पूर्वी वर्षाला सु. साडेसात कोटी रुग्ण असल्याचा अंदाज होता. १९६५ मध्ये ही संख्या सु. एक लाखावर आली. श्रीलंकेत १९६३ मध्ये वीस रुग्णही आढळले नाहीत. परंतु फवारणी व देखरेख सैल पडताच रोग उलटला. श्रीलंकेत १९६८-६९ मध्ये मोठी साथ आली आणि भारतात १९७६ मध्ये रुग्णसंख्या ६४ लाखांवर गेली. ‘निर्मूलन’ या शब्दाकडे विभागात साशंकतेने पाहिले जाऊ लागले, ते या अनुभवामुळे.

देवी निर्मूलनाची वाढीव मोहीम १९६७ मध्ये सुरू झाली, तेव्हा या साशंकतेची किंमत मोजावी लागली. जिनीव्हातील मोहीमप्रमुख डी. ए. हेंडरसन यांना दिल्लीच्या कार्यालयावर प्रत्यक्ष हुकमत नव्हती आणि कार्यालयात या कामाविषयी फारसा उत्साह नव्हता. १९६८ मध्ये श्रीलंकेचे व्ही. टी. हेराट गुणरत्ने (कार्यकाल १९६८–८१) संचालक झाल्यावर वातावरण पालटू लागले. फ्रेंच-स्विस विषाणुशास्त्रज्ञ निकोल ग्रासे यांच्याकडे देवीविषयक विभागीय सल्लागाराचे काम आले. केवळ सरसकट लसीकरणावर विसंबून न राहता रुग्ण हुडकून काढावयाचे व त्यांच्या सभोवतालच्या लोकांना टोचावयाचे, ही पद्धत रूढ झाली. १९७३ च्या शरद ऋतूपासून उत्तर प्रदेश, बिहार, मध्य प्रदेश व पश्चिम बंगाल या राज्यांत घरोघर शोध सुरू झाला. लपून राहिलेले रुग्ण उघडकीस आल्याने आकडे फुगले; १९७४ मध्ये भारतात सु. १ लाख ८८ हजार रुग्णांची नोंद झाली. त्यात बिहारमधील साथीचा वाटा सर्वांत मोठा होता. हे अपयश आहे, जुन्या पद्धतीकडे परतावे, असा आग्रह त्या वेळी झाला. शासन व विभागीय कार्यालय यांनी तो मानला नाही. २४ मे १९७५ रोजी भारतातील अखेरच्या रुग्णाची नोंद झाली आणि एप्रिल १९७७ मध्ये आंतरराष्ट्रीय आयोगाने देश देवीमुक्त असल्याचे प्रमाणित केले. वाढणारे आकडे प्रामाणिकपणे प्रसिद्ध होऊ देणे शासनाला अडचणीचे असते. अशा वेळी विभागीय कार्यालयाने दिलेला पाठिंबा हा या यशातील एक निर्णायक भाग होता.

१९७८ च्या आल्मा-आता परिषदेनंतर प्राथमिक आरोग्यसेवेवर भर आला. या विचाराला प्रत्यक्षाचा आधार देणाऱ्या प्रयोगांत महाराष्ट्रातील जामखेड (जि. अहमदनगर, आता अहिल्यानगर) येथे रजनीकांत व मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये सुरू केलेल्या कामाचा समावेश होता, संघटनेने १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात त्याची माहिती आली आहे. ब्रह्मदेशाचे ऊ को को (१९८१–९४), इंडोनेशियाचे उटोन मुख्तार रफेई (१९९४–२००४) व थायलंडचे सामली प्लिआनबांगचांग (२००४–१४) हे पुढील संचालक होत. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीने आपत्तीच्या पहिल्या काही तासांत पैसा हाती असण्याचे महत्त्व दाखविले. त्यातून २००७ मध्ये विभागीय समितीने सदस्य देशांच्या उपयोगासाठी आपत्कालीन आरोग्य निधी स्थापन करण्याचा ठराव केला. भारताच्या पूनम खेत्रपाल सिंग (२०१४–२४) या पदावरील पहिल्या महिला होत. त्यांनी सूत्रे हाती घेतल्यानंतर लवकरच, २७ मार्च २०१४ रोजी, विभाग पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणित झाले. भारतातील अखेरचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये पश्चिम बंगालमध्ये आढळला होता. प्रमाणपत्र मात्र विभागातील सर्व अकरा देशांना मिळूनच मिळावयाचे होते.

मर्यादा व सुधारणा : विखुरलेल्या अधिकाराचे दुष्परिणाम पश्चिम आफ्रिकेतील एबोलाच्या साथीत (२०१४–१६) सर्वाधिक तीव्रतेने दिसले. मार्च २०१४ मध्ये साथीची वार्ता जाहीर झाली. आंतरराष्ट्रीय आणीबाणीची घोषणा मात्र ८ ऑगस्ट रोजी झाली. गिनी, लायबेरिया व सिएरा लिओन यांत मिळून २८ हजारांहून अधिक लोकांना लागण झाली व ११ हजारांहून अधिक मरण पावले. बार्बरा स्टॉकिंग यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१५ मध्ये जिनीव्हातील मुख्यालय व आफ्रिकेचे विभागीय कार्यालय या दोहोंच्या दिरंगाईवर टीका केली. पुढील वर्षी आणीबाणीच्या कामापुरती मुख्यालयापासून देशांतील कार्यालयापर्यंत एकच अधिकारश्रेणी ठरविणारा कार्यक्रम संघटनेने स्वीकारला. सत्तर वर्षांपूर्वीच्या तडजोडीला घातलेली ही पहिली मोठी मुरड होय.

नियुक्तीच्या पद्धतीवरही प्रश्नचिन्ह उभे राहिले आहे. पश्चिम पॅसिफिक विभागाचे संचालक ताकेशी कासाई यांच्याविरुद्ध कर्मचाऱ्यांनी केलेल्या तक्रारींची चौकशी होऊन मार्च २०२३ मध्ये कार्यकारी मंडळाने त्यांची नियुक्ती संपुष्टात आणली. असा हा पहिलाच प्रसंग होता. नोव्हेंबर २०२३ मध्ये आग्नेय आशिया विभागाने बांगलादेशाच्या साइमा वाजेद यांची दहापैकी आठ मतांनी निवड केली. त्या तत्कालीन पंतप्रधान शेख हसीना यांच्या कन्या असल्यामुळे या निवडणुकीत गुणवत्तेपेक्षा राजकीय वजनाला महत्त्व मिळाल्याची टीका झाली. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यांनी पदभार स्वीकारला. बांगलादेशात त्यांच्याविरुद्ध फिर्यादी दाखल झाल्यानंतर जुलै २०२५ मध्ये त्या रजेवर गेल्या व कार्यालयाचे काम प्रभारी अधिकाऱ्याकडे सोपविण्यात आले.

राष्ट्रांनी निवडलेला संचालक त्या राष्ट्रांच्या विश्वासास पात्र असतो. म्हणूनच मंत्र्यांची दारे त्याला खुली असतात. त्याच कारणाने अप्रिय सत्य सांगताना त्याच्यावर दडपण येते. देवीच्या वेळी हे दडपण झुगारले गेले, एबोलाच्या वेळी वेळ निघून गेली. या पदाची खरी कसोटी सभागृहातील ठरावांपेक्षा, साथीची पहिली वार्ता आल्यानंतर ती किती दिवसांत उघडपणे मान्य केली जाते, यावरच लागते.