घरगुती सुगंधी साबण : उटणे, क्षार आणि स्वदेशी यांच्या संदर्भातील एक ऐतिहासिक आकलन

बीजसंज्ञा : उटणे, रिठा, सज्जीखार, लोणार, स्वदेशी, ग्रामोद्योग

प्रस्तावना

घरी तयार केलेल्या सुगंधी साबणाविषयीचे आकर्षण अलीकडच्या काळात शहरी व निमशहरी महाराष्ट्रात वाढलेले दिसते. बचत गटांची प्रदर्शने, गृहविज्ञान विभागांच्या कार्यशाळा आणि महाविद्यालयांतील कौशल्याधारित अभ्यासक्रम यांत या साबणाला स्थान मिळाले आहे. त्याच्या वेष्टनावर सामान्यतः दोन दावे आढळतात. हा साबण ‘रसायनमुक्त’ आहे, हा पहिला दावा; आणि तो ‘आजीच्या काळातील’ परंपरेतून आलेला आहे, हा दुसरा. पहिला दावा रसायनशास्त्राच्या आणि दुसरा इतिहासाच्या कक्षेत येतो. प्रस्तुत लेखात मुख्यतः दुसऱ्या दाव्याची तपासणी करावयाची आहे. तथापि पहिल्याचा विचार केल्याशिवाय दुसऱ्याचा उलगडा होत नाही.

लेखाचे प्रतिपादन थोडक्यात असे : महाराष्ट्रातील घराने सुगंधाची विद्या जोपासली, तर साबणाला अत्यावश्यक असणाऱ्या क्षाराची विद्या प्रामुख्याने घराबाहेर, श्रमिक जातींच्या हाती आणि पुढे कारखान्यात राहिली. या दोन विद्या एकत्र आणण्याचा जाणीवपूर्वक प्रयत्न विसाव्या शतकातील स्वदेशी व ग्रामोद्योग चळवळींनी केला. त्यामुळे आजचा घरगुती साबण हा प्राचीन वारशापेक्षा या आधुनिक प्रयत्नाचा वारसदार ठरतो.

घराची विद्या : उटणे आणि सुगंध

मराठी घरातील सुगंधी स्नानाचे मूळ साधन उटणे होय. नागरमोथा, वाळा, कचोरा, गव्हला, चंदन, आंबेहळद, उपळसरी, संत्र्याची वाळवलेली साल आणि मसुराचे किंवा हरभऱ्याचे पीठ यांचे मिश्रण नरकचतुर्दशीच्या अभ्यंगस्नानात आजही वापरले जाते. उटण्याचे कार्य समजून घेणे आवश्यक आहे. अंगाला चोळलेले जादा तेल पीठ शोषून घेते, भरड चूर्ण मळ घासून काढते आणि मुळ्या-साली गंध देतात. यात तेल आणि क्षार यांचा रासायनिक संयोग कोठेही होत नाही. उटणे म्हणजे साबणाची प्राथमिक अवस्था नव्हे. ती स्वच्छतेची एक स्वतंत्र पद्धती आहे.

या पद्धतीमागे दीर्घ शास्त्रपरंपरा आहे. वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिता’ या सहाव्या शतकातील ग्रंथात ‘गंधयुक्ति’ हा स्वतंत्र अध्याय असून, सोळा द्रव्यांतून चार-चार द्रव्ये निवडल्यास १८२० संयोग होतात, असे गणितही त्यात येते. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने इ. स. ११३०च्या सुमारास रचलेल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात ‘स्नानभोग’ हा विषय स्वतंत्रपणे हाताळला आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे क्युरेटर परशुराम कृष्ण गोडे (१८९१–१९६१) यांनी गंगाधराचा ‘गंधसार’ आणि मराठी टीका असलेला ‘गंधवाद’ या दोन दुर्लक्षित ग्रंथांकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. हे दोन्ही ग्रंथ १९८९ मध्ये बडोद्याहून गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत एकत्र प्रसिद्ध झाले. सुगंधनिर्मितीचे विवेचन मराठी गद्यातून होत होते, ही बाब भाषेच्या व संस्कृतीच्या अभ्यासकांनी विशेष दखल घ्यावी अशी आहे.

घराबाहेरचा क्षार : परीट, रिठा आणि लोणार

अंग स्वच्छ करणे आणि वस्त्र स्वच्छ करणे या भारतीय समाजात दीर्घकाळ दोन वेगळ्या क्रिया होत्या. वस्त्रांसाठी रिठा आणि खारी माती वापरली जाई. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात रेशमी व लोकरी वस्त्रांसाठी खारी माती आणि विशिष्ट कांबळ्यांसाठी रिठा सांगितला आहे. रिठ्याला संस्कृतात ‘फेनिल’ असेही नाव आहे. तर वनस्पतिशास्त्रातील ‘सॅपिंडस’ या त्याच्या नावाचा अर्थच ‘भारतीय साबण’ असा होतो. गोडे यांनी रिठा, साबण आणि परीट यांच्या इ. स. पूर्व ३०० ते इ. स. १९०० या कालखंडातील इतिहासावर स्वतंत्र निबंध लिहिला. त्यांनी या तीन विषयांची एकत्र गाठ घातली, यातच एक महत्त्वाचे सूत्र आहे : वस्तूचा इतिहास ती हाताळणाऱ्या माणसांच्या इतिहासापासून वेगळा काढता येत नाही. कोणत्या मातीत किती खार आहे, तिचे पाणी किती वेळ निथळू द्यावे, कोणते कापड ते सोसते, हे ज्ञान परिटांच्या नित्य व्यवसायाचा भाग होते. ग्रंथांतून सुगंधाला अध्याय मिळाले. खाराच्या या ज्ञानाच्या वाट्याला मात्र ओझरते उल्लेखच आले.

‘साबण’ या शब्दाचा प्रवासही सूचक आहे. अरबी-फारसीतील ‘साबून’ आणि पोर्तुगीजांचा ‘साबांव’ ही दोन्ही रूपे लॅटिनमधील ‘सापो’शी निगडित आहेत. शब्द बाहेरून आला असला, तरी साबणाचा कच्चा माल महाराष्ट्राच्या भूमीत होता. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलने ‘आईन-इ-अकबरी’मध्ये वऱ्हाड सुभ्याचे वर्णन करताना मेहकरजवळच्या लोणारचा उल्लेख केला असून, काच आणि साबण यांसाठी लागणारी द्रव्ये तेथे निघतात असे नमूद केले आहे. बुलढाणा जिल्ह्यातील हे सरोवर उल्कापाताने निर्माण झालेल्या विवरात असून त्याचे पाणी तीव्र अल्कधर्मी आहे. उन्हाळ्यात पाणी आटल्यावर काठावर सोड्याचे थर साचत व ते गोळा केले जात. २००० मध्ये हा परिसर अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि २०२० मध्ये सरोवराचा रामसर पाणथळ स्थळांच्या यादीत समावेश झाला.

क्षाराचे महत्त्व साबणाच्या रसायनात दडलेले आहे. तेल आणि दाहक क्षार यांचा संयोग होऊन साबण आणि ग्लिसरीन तयार होतात. राखेतील पोटॅशमुळे मऊ साबण होतो. वडी घट्ट होण्यासाठी सोडा लागतो. सज्जीमातीतील सोडा मात्र तुलनेने सौम्य असतो. चुनकळीबरोबर त्याची प्रक्रिया केली की तो दाहक होतो आणि तेलाचे साबणात रूपांतर करू शकतो.

कारखाना आणि स्वदेशी

युरोपात १७९१ मध्ये लब्लांने मिठापासून सोडा करण्याच्या पद्धतीचे एकस्व मिळवले, १८२३ मध्ये शेव्हरलचा स्निग्ध पदार्थांवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि १८६० च्या दशकात सोल्वे पद्धतीने सोडा आणखी स्वस्त झाला. त्यामुळे साबण ही सर्वसामान्यांच्या आवाक्यातील वस्तू बनली. १८८८ मध्ये लिव्हर ब्रदर्सचा ‘सनलाइट’ साबण भारतात विक्रीस आला. या विलायती साबणाकडे सनातनी घरांतून संशयाने पाहिले जाई, कारण त्यात प्राण्यांची चरबी असण्याची शक्यता होती.

या पार्श्वभूमीवर स्वदेशी साबणाचा उदय समजून घ्यावा लागतो. कुलपांच्या व्यवसायात नाव मिळवलेल्या आर्देशिर गोदरेज यांनी मुंबईत १९१८ मध्ये ‘चावी’ छाप धुण्याचा साबण बाजारात आणला आणि पाठोपाठ वनस्पती तेलांपासून केलेला अंगाचा साबणही आणला. म्हैसूर संस्थानात पहिल्या महायुद्धामुळे चंदनाची निर्यात थांबल्यानंतर चंदन तेल व त्यावर आधारित साबण यांचा सरकारी उद्योग उभा राहिला. पहिल्या उदाहरणात चरबीला पर्याय देण्यात आला. दुसऱ्यात देशी सुगंधाला औद्योगिक रूप मिळाले. लिव्हर ब्रदर्सनेही १९३४ मध्ये मुंबईत शिवडी येथे साबणनिर्मिती सुरू केली. पुढे टाटा ऑइल मिल्सचा ‘मोती’ साबण मराठी घरांत दिवाळीच्या पहाटेशी इतका जोडला गेला की उटण्याशेजारी त्याची वडी ठेवणे हीच रीत झाली. परंपरेची नक्कल करणारी वस्तू काही दशकांतच परंपरेचा भाग कशी होते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

मगनवाडीचा प्रयोग

स्वदेशी कारखान्याने विलायती मालाला उत्तर दिले. परंतु उत्पादन कोणाच्या हाती असावे हा प्रश्न शिल्लक राहिला. डिसेंबर १९३४ मध्ये वर्धा येथे महात्मा गांधींच्या प्रेरणेने अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली. जे. सी. कुमारप्पा हे तिचे संघटक होते व मगनवाडी हे केंद्र होते. तेथे तेलघाणी, हातकागद, मधमाशीपालन यांबरोबर सज्जीमातीपासून साबण करण्याचे कामही हाती घेण्यात आले. खाद्य तेल माणसाच्या पोटासाठी राहावे आणि साबणासाठी कडुनिंब, करंज, मोह यांसारख्या बियांचे तेल वापरावे, हा विचार पुढे या उद्योगाचा आधार बनला. १९५६ च्या कायद्यानुसार स्थापन झालेल्या खादी व ग्रामोद्योग आयोगाने अखाद्य तेल व साबण या उद्योगाला आपल्या कार्यक्रमात स्थान दिले.

या प्रयोगाचे वैशिष्ट्य असे की, त्यात ‘नैसर्गिक’ या शब्दापेक्षा ‘स्थानिक’ या शब्दाला अधिक वजन होते. माती जवळची, बी जवळचे, श्रम गावातले आणि वापरही गावातला, अशी ती साखळी होती. परिटाच्या अनुभवातील खार येथे प्रथमच पद्धतशीर प्रयोगाचा विषय झाला. तथापि सज्जीमातीतील क्षाराचे प्रमाण जागेनुसार बदलत असल्याने साबणाचा दर्जा एकसारखा राखणे कठीण होते. एकसारखा व सहज मिळणारा कारखानी कॉस्टिक सोडा ही अडचण दूर करत असे. आज घरगुती साबण करणारी जवळजवळ प्रत्येक व्यक्ती हाच सोडा वापरते.

आजची घरगुती कृती : काही निरीक्षणे

सध्याच्या प्रचलित कृतीचे गणित पाहिल्यास ही बाब स्पष्ट होते. ६०० ग्रॅम खोबरेल, ३०० ग्रॅम तिळाचे तेल आणि १०० ग्रॅम एरंडेल घेतल्यास त्यांच्या पूर्ण संयोगासाठी अनुक्रमे सुमारे ११०, ४० आणि १३ ग्रॅम, म्हणजे एकूण १६३ ग्रॅम कॉस्टिक सोडा लागतो. त्वचेसाठी थोडे तेल मोकळे राहावे म्हणून तो पाच टक्क्यांनी कमी करून सुमारे १५५ ग्रॅम घेतात. सोडा नेहमी पाण्यात घालावा, पाणी सोड्यावर ओतू नये. हातमोजे व चष्मा वापरावा. ॲल्युमिनियमचे भांडे टाळावे, कारण त्याच्याशी सोड्याची तीव्र प्रक्रिया होते. वड्या पाडल्यावर चार ते सहा आठवडे मुरू द्याव्या लागतात.

सुगंधाच्या बाबतीत उटण्याची परंपरा येथे उपयोगी पडते. चंदन आणि वाळा यांच्या तेलांतील प्रमुख गंधद्रव्ये क्षारात बऱ्यापैकी टिकतात, तर अनेक फुलांच्या नाजूक गंधातील एस्टर क्षाराने विघटित होतात. म्हणून मोगऱ्याचा गंध साबणात टिकवणे वाळ्यापेक्षा अवघड जाते. पूर्वजांनी गोळा केलेले गंधज्ञान मोलाचे आहे. पण ते क्षाराच्या कसोटीवर नव्याने तपासावे लागते.

समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष संभवतात. एक, क्षाराशिवाय साबण होत नाही. म्हणून ‘रसायनमुक्त साबण’ ही संज्ञाच सदोष आहे. नीट मुरलेल्या वडीत मोकळा कॉस्टिक सोडा उरत नाही, हे विधान मात्र खरे आहे आणि विद्यार्थ्यांना तेच शिकवावे. दोन, घरगुती सुगंधी साबण ही मराठी घराची अखंड परंपरा नाही. गंधाची घरगुती विद्या, क्षाराची श्रमिकांची विद्या आणि कारखानी सोडा यांचा तो आधुनिक संगम आहे. तीन, ‘आजीच्या काळातील’ या शब्दांत आजीचे उटणे स्मरणात राहते, पण रिठा फोडणारे, खारी माती निथळणारे आणि लोणारच्या काठावर सोडा गोळा करणारे हात विस्मृतीत जातात.

महाविद्यालयीन कार्यशाळांतून साबण शिकवताना ही विस्मृती दूर करणे शक्य आहे. रसायनशास्त्र, गृहविज्ञान आणि इतिहास या विभागांनी एकत्र येऊन एक वडी तयार केली, तर विद्यार्थ्याला संयुगाचे सूत्र, तेलाचे प्रमाण आणि श्रमाचा इतिहास एकाच वेळी समजू शकेल. आंतरविद्याशाखीय अध्ययनाची यापेक्षा साधी आणि कमी खर्चाची सुरुवात क्वचितच सापडेल.