परीक्षा परत द्यायची, पण आधीच्या स्कोअरचं काय?

गेल्या महिन्यात धाकट्या भावाचा मेसेज आला: "ताई, जीमॅटला 625 आलेत. परत देऊ?" त्याला परदेशात एमबीएसाठी अर्ज करायचाय. मला एमबीएतलं फारसं कळत नाही, पण नेट दोनदा देऊन झालीय, त्यामुळे घरात या विषयातली तज्ज्ञ मीच! उत्तर द्यायच्या आधी सवयीप्रमाणे त्या परीक्षेचा इतिहास वाचत बसले. तुम्ही नेट, गेट किंवा पेट परत द्यायच्या विचारात असाल, तर तो तुमच्याही कामाचा आहे.

1953 मध्ये अमेरिकेतली नऊ बिझनेस स्कूल्स एकत्र आली. अर्जदार वेगवेगळ्या कॉलेजांतून येणार, त्यांचे मार्क एकमेकांशी ताडून कसे बघायचे? (मुंबई आणि शिवाजी विद्यापीठाच्या मार्कशीट शेजारी ठेवून बघा, अडचण लगेच कळेल.) म्हणून 1954 पासून सामायिक परीक्षा सुरू झाली. जीमॅट हे नाव तिला 1976 मध्ये मिळालं.

लक्षात घ्या, ही परीक्षा स्कूल्सनी स्वतःच्या सोयीसाठी काढली होती. त्यामुळे अर्जदाराचे पाच वर्षांतले सगळे स्कोअर रिपोर्टवर दिसायचे. स्कोअर रद्द करता यायचा, पण तो न बघताच, आणि रद्द केल्याची नोंदही स्कूलला दिसायची. म्हणजे परत परीक्षा देणं हे चारचौघांत व्हायचं.

मग स्पर्धा आली. बिझनेस स्कूल्स जीआरईही चालवून घेऊ लागली, आणि 2012 पासून जीआरईने कोणता स्कोअर पाठवायचा ते विद्यार्थ्यावर सोडलं. 2014 मध्ये जीमॅटने आधी स्कोअर दाखवून मग रद्द करायची मुभा दिली. 2015 मध्ये रद्द केल्याची नोंद स्कूलला दिसणं बंद झालं, आणि दोन प्रयत्नांमधलं अंतर 31 दिवसांवरून 16 वर आलं. 2023 च्या नव्या जीमॅटमध्ये तर तुम्ही पाठवाल तोच स्कोअर स्कूलला दिसतो. हे सगळं विद्यार्थ्यांच्या मायेपोटी झालं असं मला वाटत नाही, दर प्रयत्नाला फी असते! पण परत देण्यातली लाज गेली हे खरं.

आता आपल्या प्रांतातला मुद्दा. प्रत्येक मोजमापात त्रुटी असते, हे प्रॅक्टिकलमध्ये आपण पाठ केलंय. जुन्या जीमॅटच्या 200 ते 800 च्या पट्टीवर ही प्रमाण त्रुटी सुमारे 30 गुणांची होती. दोन स्कोअरमधल्या फरकाची त्रुटी त्याहून मोठी, 40 च्या आसपास. म्हणजे 660 चे 680 झाले, तर तयारी वाढली की नुसता दिवस चांगला होता, हे त्या आकड्यावरून सांगता येत नाही. स्कूलला मात्र 680 च दिसतात. भावाला हवेत 645, कारण जुन्या 700 च्या तोडीचा नव्या पट्टीवरचा स्कोअर साधारण तेवढाच. त्याचं अंतर 20 गुणांचं. नुसतं परत बसूनही ते भरून निघू शकतं, आणि उलटही होऊ शकतं.

हार्वर्ड बिझनेस स्कूलने 1985 मध्ये जीमॅटची अटच काढून टाकली होती. दहाएक वर्षांनी ती परत आणली. या परीक्षेवाचून भागतं का, हे एवढ्या मोठ्या संस्थेलाही एका फटक्यात ठरवता आलं नाही.

माझी पहिली नेट जेआरएफच्या कटऑफखाली गेली, तेव्हा मी त्याच नोट्स घेऊन परत बसले. गुण जवळपास तेवढेच. तिसऱ्यांदा फॉर्म भरायच्या ऐवजी एका प्रयोगशाळेत सहा महिने प्रोजेक्ट असिस्टंट म्हणून राबले आणि संशोधन आराखडा नव्याने लिहिला. पीएचडीच्या मुलाखतीत अर्धा तास त्यातल्या एका आलेखावरच गेला. वाय-अक्षावर एकक लिहायचं राहिलं होतं. नेटचं कोणी काही विचारलं नाही.

भावाला कळवलंय: परत दे, पण एकदाच, आणि कुठले प्रश्न चुकले ते बघून झाल्यावर. आणि ज्या साहेबांकडून शिफारसपत्र घेणार आहेस, त्यांना या आठवड्यातच भेट. त्यावर उत्तर आलंय: "साहेब रजेवर आहेत."