पिंपरी-चिंचवड : उपनगरावरील तीन ऋणे

परभणीत बसून पिंपरी-चिंचवडचा भूगोल आणि इतिहास कशासाठी, असे कोणी विचारील. आपल्यापैकी कोणाचा मुलगा, कोणाचा पुतण्या आज तेथे पाळीवर उभा आहे. ज्या गावाला आपण माणसे देतो, त्याची घडण आपल्याला ठाऊक असावी.

हे गाव पुण्याच्या वायव्येस वसले आहे. उत्तरेच्या कडेने इंद्रायणी वाहते. मधून पवना वाहते आणि दापोडीजवळ मुळेला मिळते. पवनेच्या काठी चिंचवडला मोरया गोसावींची समाधी आहे. याच चिंचवडच्या चापेकर बंधूंनी १८९७ साली पुण्यात रँडचा वध केला. बोरघाटाचा लोहमार्ग १८६३ साली पुरा झाला व मुंबई-पुणे गाडी येथून धावू लागली. तरी पुढे कित्येक वर्षे ही गावे मुख्यतः शेतीवरच जगली. नुसत्या रुळांनी उद्योग येत नाहीत, हे परभणीकरांना वेगळे सांगायला नको.

फाळणीनंतर पिंपरीस सिंधी निर्वासितांची छावणी पडली. १९५४ साली केंद्र सरकारने हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा पेनिसिलिनचा कारखाना तेथे काढला. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि पाठोपाठ मोटारींचे व स्कूटरचे कारखाने आले. १९७० साली नगरपालिका झाली, १९८२ साली महानगरपालिका. २०११ च्या जनगणनेत लोकवस्ती सतरा लाखांवर गेली. परभणी शहर तेव्हा तीन लाखांच्या घरात होते.

एवढ्यावर थांबलो तर तो कारखान्यांचा इतिहास झाला. या शहरावर तीन ऋणे आहेत. पहिले जमिनीचे. १९७२ साली नवनगर विकास प्राधिकरण आले. ज्यांची शेते त्यात गेली, त्यांना परताव्यासाठी वर्षानुवर्षे झगडावे लागले. दुसरे पाण्याचे. पवना धरणातून शहरापर्यंत बंद जलवाहिनी टाकण्यास मावळच्या शेतकऱ्यांनी विरोध केला; ९ ऑगस्ट २०११ रोजी पोलिसांच्या गोळीबारात त्यांच्यापैकी तिघे मृत्युमुखी पडले.

तिसरे ऋण हातांचे, आणि त्यात आपला वाटा आहे. १९७० साली, म्हणजे नगरपालिकेच्याच वर्षी, संसदेने कंत्राटी कामगारांचा कायदा केला. त्याच्या नावात नियमन होते, तसे निर्मूलनही होते. निर्मूलन राहिले बाजूला, कंत्राटच वाढले. कोरडवाहू शेतीतून निघालेला आमचा पोरगा कायम कामगाराच्या शेजारी तेच काम करतो. पण त्याचे नाव कारखान्याच्या हजेरीपटावर नसते, ते ठेकेदाराच्या वहीत असते. वही बदलली की नावही गेले.

कोणी म्हणेल, निदान पोट तरी भरते. खरे आहे, आणि म्हणूनच मुले जातात. पण ज्याच्या कष्टावर शहर वाढले, त्याची नोंद शहराने ठेवली पाहिजे. आपल्या हातात एक गोष्ट आहे. मुलाला गाडीत बसवताना भाकरीबरोबर एवढे सांगून पाठवा : नेमणुकीचा कागद माग, भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक लिहून घे, आणि तेथे संघटना असेल तर पहिल्याच महिन्यात तिची पावती फाड.