नाव बदलून पाहिलं तर?

१९९३ साली आम्ही कुर्ल्याहून मीरा रोडला आलो. दंगलीनंतर मुंबईतली अनेक मुस्लिम कुटुंबं नयानगरात राहायला आली, त्यातलंच आमचं एक. पण अब्बांच्या मनात आधी नयानगर नव्हतं. त्यांचं काम भाईंदरला होतं, म्हणून ते तिथेच भाड्याचं घर बघत होते. एजंट फोनवर भाडं सांगायचा, डिपॉझिट सांगायचा, "संध्याकाळी या" म्हणायचा. मग विचारायचा, "नाव काय म्हणालात?" नाव ऐकलं की ते घर नेमकं कालच गेलेलं असायचं.

यावरून घरात वाद होत. चाचा म्हणत, "भाईजान, आपल्याला कोणी घर देणार नाही, कशाला फेऱ्या मारता?" अब्बा म्हणत, "खरंच गेलं असेल. नाहीतर त्यांना एवढं मोठं कुटुंब नको असेल." दोघांपैकी बरोबर कोण, ते मला कळत नव्हतं. खरं तर त्या दोघांनाही ते कळायला मार्ग नव्हता. एकाच घरासाठी, एकाच दिवशी, दोन वेगळ्या नावांनी विचारून बघणं अब्बांना कुठून जमणार?

पुढे कॉलेजात मानसशास्त्र घेतलं. त्यात 'संशोधन पद्धती' नावाचा, सगळ्यांना कंटाळवाणा वाटणारा पेपर होता. त्या पेपरात मला आमच्या घरातला वाद पुन्हा भेटला.

रिचर्ड लापिएर हे अमेरिकेतले समाजशास्त्रज्ञ. १९३०च्या सुमारास ते एका चिनी जोडप्यासोबत मोटारीने देशभर फिरले. तेव्हा तिथे चिनी लोकांबद्दल उघड द्वेष होता. तरी हॉटेलं आणि खाणावळी मिळून २५१ ठिकाणांपैकी फक्त एका ठिकाणी त्यांना नकार मिळाला. काही महिन्यांनी लापिएर यांनी त्याच ठिकाणांना पत्रं पाठवून विचारलं, 'चिनी पाहुणे घ्याल का?' १२८ जणांनी उत्तर दिलं आणि त्यांतल्या नव्वद टक्क्यांहून अधिक लोकांनी नाही म्हटलं. १९३४ साली हा अभ्यास छापून आला. माणूस सांगतो एक आणि करतो दुसरं, हे त्यातून दिसलं. पण त्यात उणिवाही होत्या. जोडप्याबरोबर एक गोरा प्राध्यापक होता. शिवाय पत्राला उत्तर देणारा आणि दारात उभा असलेला माणूस एकच होता, याची खात्री नव्हती.

आपल्याकडे फाळणीनंतर हाच विषय सरकारपुढे आला. भारत सरकारच्या विनंतीवरून १९५० साली युनेस्कोने गार्डनर मर्फी या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांना इथे पाठवलं. भारतीय संशोधकांच्या तुकड्यांनी ठिकठिकाणी मुलाखती घेतल्या. मुंबईत अर्थशास्त्रज्ञ सी. एन. वकील यांनी निर्वासितांचा अभ्यास केला. १९५३ साली मर्फींचं पुस्तक आलं. काम मोलाचं होतं, पण मुलाखतीतून समजतं ते माणसाचं मत. घर देताना तो काय करतो, हे त्यातून समजत नाही.

ते समजायला प्रयोग हवा. प्रयोगाचं मूळ तत्त्व साधं आहे: बाकी सगळं सारखं ठेवायचं, एकच गोष्ट बदलायची आणि फरक पडतो का ते मोजायचं. अमरावती जिल्ह्यातून आलेले, औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात शिकलेले सुखदेव थोरात आणि न्यूयॉर्कचे पॉल अॅटवेल यांनी हेच केलं. ऑक्टोबर २००५ पासून ६६ आठवडे त्यांनी वर्तमानपत्रांतल्या खासगी नोकऱ्यांच्या ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज पाठवले. शिक्षण सारखं, अनुभव सारखा. काही अर्जांवर उच्चवर्णीय हिंदू नाव, काहींवर दलित, काहींवर मुस्लिम. २००७ साली निष्कर्ष आले. संख्याशास्त्रात ज्याला ऑड्स म्हणतात त्या मापाने, उच्चवर्णीय नावाच्या तुलनेत दलित नावाला पुढचं बोलावणं येण्याची शक्यता दोन तृतीयांश होती, मुस्लिम नावाला एक तृतीयांश.

इथे थांबून 'बघा, आम्ही म्हणत होतोच' असं म्हणण्याचा मोह होतो. पण २००९ साली आणखी एक अभ्यास प्रसिद्ध झाला. अभिजित बॅनर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरात तशीच पद्धत वापरली. त्यांना मुस्लिम नावांबाबत भेदभावाचा पुरावा सापडला नाही. सॉफ्टवेअरच्या नोकऱ्यांत जातीचाही फरक दिसला नाही, कॉल सेंटरमध्ये मात्र दिसला. नोकरी वेगळी, क्षेत्र वेगळं, तर उत्तर वेगळं येऊ शकतं. आपल्या सोयीचा अभ्यास तेवढा सांगायचा आणि दुसरा झाकायचा, हा अप्रामाणिकपणा झाला.

अब्बांच्या प्रश्नाच्या सर्वांत जवळचं उत्तर २०१६चं आहे. सौगत दत्ता आणि विक्रम पठानिया यांनी दिल्ली आणि आसपासच्या १७१ घरमालकांना एका वेबसाइटवरून वेगवेगळ्या नावांनी विचारणा केली. उच्चवर्णीय नावाला प्रतिसाद मिळण्याची शक्यता ०.३५ होती, मुस्लिम नावाला ०.२२. दलित आणि ओबीसी नावांबाबत तसा फरक सापडला नाही.

हे आकडे मी चाचांना वाचून दाखवले. ते म्हणाले, "मग मीच बरोबर होतो." मी म्हटलं, "अर्धे. ०.२२ म्हणजे शून्य नव्हे. शंभरात बावीस जणांनी उत्तर दिलं. तुम्ही तर अब्बांना फोनच करू नका म्हणत होता." अब्बाही अर्धेच बरोबर होते. एखादं घर खरंच आधी गेलेलं असू शकतं. पण शेकडो घरांमध्ये नाव बदलल्यावरच उत्तर बदलत असेल, तर तो योगायोग नाही. एका नकारामागचं कारण हा प्रयोगही सांगू शकत नाही. अनेक नकारांतला कल तो सांगतो.

एक प्रश्न मला अजून छळतो. ही परीक्षा आपल्या दारांवर घेतली तर? घर आपल्या मालकीचं, आणि फोनवर कधी दलित नाव, कधी बिहारहून आलेल्या मजुराचं, कधी दुसऱ्या मसलकच्या माणसाचं, कधी एकट्या राहणाऱ्या मुलीचं. विचारलं तर आपण सगळेच म्हणू, आम्ही असं काही बघत नाही. लापिएरच्या पत्रांनाही लोकांनी अशीच बसल्या जागी उत्तरं दिली होती.

अब्बा गेले. नयानगरातलं घर आता माझ्या नावावर आहे आणि वरची खोली भाड्याने द्यायची आहे. परवा एजंटचा फोन आला. भाडं ठरलं, डिपॉझिट ठरलं आणि माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं, "नाव काय म्हणालात?"